डायबिटीसची गोळी कोणाच्या मापाची?

कंपनीच्या बसमध्ये इयरफोन घालून बसला असाल, तर आवाज थोडा वाढवा. मी बोलतोय चिकलठाण्यातून, एमआयडीसीच्या अगदी शेजारून. आजचा विषय आहे 'ज्याच्या-त्याच्या शरीराप्रमाणे औषध'. म्हणजे डायबिटीससारखा जन्मभराचा आजार असेल, तर तुमची जनुकं, तुमचं रक्त, तुमची राहणी बघून उपचार ठरवायचे. ऐकायला भारी वाटतं ना? मग अडतंय कुठे?

आधी पुण्याची गोष्ट ऐका. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघंही सडपातळ. बीएमआय सारखाच, 22 च्या आसपास. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! 'तू तर काडीपैलवान, तुला कसली शुगर?' असं आपण अजूनही म्हणतो. वजनकाटाही तेच म्हणतो, आणि दोघंही चुकतात.

पुढे 2018 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोठेपणी होणाऱ्या डायबिटीसचे पाच गट पाडले. त्यांच्याकडे सगळ्यात मोठा गट निघाला उतारवयातल्या सौम्य डायबिटीसचा. पुण्यात, पंचेचाळिशीच्या आत टाइप 2 झालेल्यांना तीच पद्धत लावली, तर निम्म्याहून जास्त लोक इन्सुलिनच कमी पडणाऱ्या गटात गेले. वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे थेट तुलना नको. पण तिकडच्या मापाने शिवलेला सदरा आपल्याला बसेलच, असं काही नाही.

गंमत म्हणजे हे गट ओळखायला जनुक-तपासणी लागतच नाही. वय, बीएमआय, एचबीएवनसी, उपाशीपोटी साखर, एक अँटिबॉडी टेस्ट आणि सी-पेप्टाइड, झालं. शेवटच्या दोन टेस्ट नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतात, ही खरी अडचण. एचबीएवनसीचंही तसंच. लोह कमी पडून रक्त कमी झालेलं असेल, तर हा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्या किती बायकांना रक्त कमी असतं, ते सांगायला नको.

जीनोम इंडिया प्रकल्पात 10 हजार भारतीयांच्या जनुकांचं वाचन झालं, चांगलंच झालं. पण नुसतं जनुक वाचून भागत नाही. त्या माणसाला पुढे वीस वर्षांत काय झालं, कोणती गोळी लागू पडली, हेही कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. आपल्याकडे ते असतं मेडिकलच्या प्लास्टिक पिशवीत, पुसट झालेल्या चिठ्ठ्यांवर. 'आभा' नंबर पुष्कळांनी काढला, पण त्याला जुने रिपोर्ट जोडलेत किती जणांनी?

आता आपल्या एमआयडीसीवर येऊ. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'सकाळी नाश्त्याआधी'. नाइट करून सातला घरी येणाऱ्याची सकाळ कोणती? ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन तो न खाता झोपला, तर झोपेत साखर घसरू शकते. शिफ्ट आठवड्याला बदलते, चिठ्ठी वर्षभर तीच. ओपीडीत नंबर लागल्यावर दोन मिनिटं मिळतात, त्यात शिफ्टचं विचारणार कोण?

तर मनाने गोळीची वेळ किंवा डोस बदलू नका. पुढच्या खेपेला आपणच डॉक्टरांना सांगायचं: 'या महिन्यात दोन आठवडे नाइट आहे, तेव्हा गोळी कधी घेऊ?' आणि सगळ्या रिपोर्टांचे फोटो, तारखेसकट, मोबाइलमध्ये एका फोल्डरला टाकून ठेवा. आईचे-दादांचेही.