न्यायनिर्णय सर्वांस वाचावयास मिळावेत
(काटोल येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



वाटणीच्या वेळी सासरहून आलेली लेक हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करते, हे दृश्य आपणांपैकी कोणास अपरिचित आहे? विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणी ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की वडिलोपार्जित मिळकतीत कन्येचा हक्क जन्मतःच आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत, असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी त्याने उलथत नाही. भगिनींच्या कानी यातले पहिले वाक्य येत नाही आणि बंधूंच्या कानी दुसरे. अर्ध्या ऐकीव गोष्टीवर भावंडे वैरी होतात.

वास्तविक हा निर्णय आज कोणासही मोबाईलवर विनामूल्य वाचता येतो. पूर्वी असे निर्णय वकिलांच्या कपाटातील जाड ग्रंथांत असत. (वकीलबंधूंनी रागावू नये!) १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने न्यायनिर्णय छापण्यास सर्वांस मुभा ठेविली आहे, प्रकाशकाची मालकी त्याने घातलेल्या भरीपुरतीच, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट झाले. पुढे सुशांत सिन्हा यांनी २००८ साली ‘इंडियन कानून’ हे विनामूल्य संकेतस्थळ सुरू केले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आपले निर्णयसंग्रह सर्वांस खुले केले. तालुका न्यायालयातील दाव्याची तारीख नि हुकूम १६ अक्षरांकी क्रमांकावरून घरबसल्या दिसतात.

तथापि दाव्याची कैफियत, साक्षी, पुरावे यांच्या नकलांसाठी अद्याप न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्यातही सारेच उघडे करावे, असे आमचे म्हणणे नाही. नवराबायकोच्या तंट्यातील नावे गावभर होणे आम्हांस मुळीच मान्य नाही. खरी अडचण भाषेची आहे. घटनेच्या ३४८ व्या कलमान्वये वरिष्ठ न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. काही निर्णयांची मराठी भाषांतरे आता मिळू लागली आहेत, पण प्रमाण मूळ इंग्रजीच.

म्हणून वाटणीची बैठक भरण्यापूर्वी असा निर्णय भावाबहिणींस एकत्र बसवून मराठीत समजावून देण्यास आपल्यातील वकीलबंधूंनी महिन्यातून एक सायंकाळ द्यावी, अशी आमची विनंती आहे. तो छापून आणण्याचे काम तरुणांनी पत्करावे.