मूठभर दाणा : परसातल्या नव्या कोंबड्यांची निगा



आज मी आपल्याशी परसातल्या कोंबड्यांविषयी बोलणार आहे. हजार-दोन हजार पक्ष्यांच्या शेडचा हा विषय नाही. दहा-वीस पिल्ले आणली, अंगणात वाढवली, घरच्या पोरांना अंडे मिळाले आणि उरलेली अंडी विकून तेल-मिठाचा, वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला, अशा घरच्या जोडधंद्याचा हा विषय आहे. हा धंदा बहुतेक घरांत बायाच सांभाळतात. तेव्हा भगिनींनी जरा जास्त लक्ष द्यावे, आणि बंधूंनी "हे बायकांचे काम" म्हणून रेडिओचा कान पिळू नये.

गावोगाव फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. नवीन पिल्ले घरी आली की पहिले काही दिवस त्यांचे फार लाड होतात. कोणी भात टाकतो, कोणी भाकरी कुस्करतो, पोरे शेव-चिवडा टाकतात. महिन्याभरात पिल्ले निम्मी होतात. मग "आम्हाला कोंबड्या लाभत नाहीत" असे म्हणून खुराडे अडगळीत जाते. मंडळी, यात लाभण्याचा काही संबंध नाही. पिल्ले दगावतात ती बहुतेक ऊब कमी पडली म्हणून, लस चुकली म्हणून, खाणे चुकले म्हणून किंवा मांजर-मुंगसाने नेली म्हणून. या चारही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिले तीन आठवडे : ऊब आणि पाणी

एक दिवसाच्या पिलाच्या अंगावर लव असते, पीस नसते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करावी. पंचवीस पिलांना पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करून वर ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला तर काम भागते. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे असे समजा आणि बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडे सारखी पांगून खात-पीत असतील तर ऊब बरोबर आहे.

वीज जाणाऱ्या गावात निखाऱ्याची शेगडी तयार ठेवावी, पण खोली बंद करून धूर कोंडू देऊ नये. खाली भाताच्या तुसाचा दोन बोटे थर द्यावा आणि तो रोज हाताने हलवून कोरडा ठेवावा. तूस ओले राहिले की रक्ती हगवण लागते आणि पिल्ले पटापट मरतात.

पिल्ले आणल्याबरोबर आधी गुळाचे पातळ पाणी पाजावे. तीन-चार तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा. दुसऱ्या दिवसापासून पिलांचे तयार खाद्य चालू करावे. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात चार स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिलू बुडत नाही.

खाऊ केव्हा आणि किती?

आता मुख्य मुद्दा. पिलांना पहिले तीन आठवडे कसलाही खाऊ देऊ नका. याचे कारण समजून घ्या. पिलाच्या गळ्याखाली दाणा साठवण्याची एक लहानशी पिशवी असते. ती भाताने भरली की पिलू खाद्याकडे वळत नाही. वाढत्या पिलाच्या खाद्यात शंभरात वीस भाग प्रथिने लागतात. भात-भाकरीत ती याच्या निम्मीही नसतात. पोट भरते, पण पीस फुटत नाही, पंख लोंबतात आणि पिल्ले एकमेकांची पिसे उपटू लागतात. आपल्याला वाटते पिल्ले भरपेट खाताहेत, आणि खरे पाहता ती उपाशी असतात.

चौथ्या आठवड्यापासून थोडा थोडा खाऊ सुरू करावा. त्याबरोबर एका वाटीत जाडी वाळू ठेवावी. कोंबडीला दात नाहीत. तिच्या पोटातले जाते खड्यांवरच चालते. वाळू नसेल तर अख्खा दाणा नीट दळला जात नाही.

प्रमाणाचा नियम सोपा आहे : दहा भाग खाद्य, तर त्यातला एक भाग खाऊ. मोठी कोंबडी बंदिस्त असेल तर दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. म्हणजे तिचा खाऊ दहा-बारा ग्रॅम झाला. मोठ्या माणसाची एक मूठ ज्वारी चाळीस-पन्नास ग्रॅम भरते. तेव्हा चार कोंबड्यांना दिवसाला एक मूठ, हा हिशेब पोरांनाही सांगून ठेवा. जास्त दाणा घालून कोंबडी माजवली तर तिच्या पोटात चरबी साठते आणि अंडी कमी होतात.

दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या किडे, गांडुळे, कोवळे गवत, सांडलेले दाणे स्वतःच वेचतात. तरी तेवढ्यावर अंडी पुरेशी मिळत नाहीत. त्यांना संध्याकाळी दर कोंबडीमागे चाळीस-पन्नास ग्रॅम घरचे मिश्रण द्यावे. दहा किलो मिश्रणासाठी भरडलेला मका किंवा ज्वारी ६ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, कोंबड्यांचे क्षार मिश्रण २७० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम घ्यावे. मीठ अंदाजाने टाकू नका, तोलूनच घाला.

अंड्यावर आलेल्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. अंड्याचे कवच चुन्याचे असते. चुना कमी पडला की कवच पातळ होते, अंडे खुराड्यातच फुटते आणि कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते. अंड्याची टरफले भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. मात्र अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या खाद्यात हा चुरा मिसळू नये. जादा चुन्याने त्यांच्या मूत्रपिंडाला इजा होते.

चांगला खाऊ कोणता?

लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथी-पालकाची देठे जुडी बांधून कोंबड्यांच्या मानेच्या उंचीवर टांगावीत. त्या उड्या मारून खातात आणि पाला तुडवला जात नाही. हिरव्या पाल्याने अंड्याचा बलक चांगला पिवळा होतो. भोपळा, काकडी, पपई, कलिंगडाच्या साली उन्हाळ्यात जरूर द्याव्यात. अझोला असेल तर धुऊन द्यावा.

वाळवीचा खाऊ तर फुकटचा. जुन्या मडक्यात ओले शेण आणि काडीकचरा भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथे घालावे. सकाळी मडके वाळवीने भरलेले मिळते. ते अंगणात झटकले की पिल्ले त्यावर तुटून पडतात. मात्र त्या जागी औषध टाकलेले नसावे.

हे मात्र देऊ नका

बुरशी लागलेला मका, शेंगदाणा किंवा पेंड कोंबड्यांना घालू नका. "माणसाला नको तर कोंबडीला टाका" ही सवय सोडा. त्या बुरशीचे विष काळजात उतरते आणि कळपच्या कळप खंगतो.

लोणचे, पापड, खारट फरसाण नको. कच्चे सोयाबीन, घेवड्याचे कच्चे दाणे, हिरवट बटाट्याच्या साली आणि एरंडाच्या बिया नकोत. आंबलेले, वास येणारे उष्टे तर मुळीच नको.

सगळ्यांत मोठा धोका पेरणीच्या दिवसांत असतो. औषध चोळलेले लाल-निळे बियाणे उरते आणि ते पिशवीसकट अंगणात झटकले जाते. कोंबडी ते वेचते आणि संध्याकाळपर्यंत अंगणात कोंबड्या आडव्या झालेल्या दिसतात. दाणेदार कीटकनाशक तर तिला वाळूसारखेच वाटते. असे बियाणे, उंदराचे औषध, फवारणीची भांडी कोंबड्यांच्या वाटेला येऊ देऊ नका. विषाने मेलेली कोंबडी खाऊही नका. शेजारच्या रानात फवारणी असेल तर चार-पाच दिवस कोंबड्या कोंडून ठेवा.

मुठीला कामाला लावा

आता तुम्ही म्हणाल, साहेब, मग खाऊचा उपयोग तरी काय? उपयोग मोठा आहे. नव्या कोंबड्या पहिला आठवडा खुराड्यातच ठेवाव्यात, म्हणजे त्यांना घर कळते. मग रोज दिवेलागणीच्या आधी एकाच जागी, एकाच हाकेने मूठभर दाणा टाकावा. आठ-दहा दिवसांत हाक ऐकताच सगळ्या धावत येतात. सगळ्या आल्या की मोजाव्यात आणि खुराड्याला कडी घालावी. मग मांजर, मुंगूस, कोल्हा यांचे भय राहत नाही. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच आणि बारीक जाळीचे असावे.

हाच दाणा दुखणेही दाखवतो. दाणा पडल्यावर जी कोंबडी येत नाही, पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहते, ती आजारी समजावी. तिला लगेच वेगळी करावी आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला हे एक दिवस आधी कळते, आणि तेवढ्यात बाकीचा कळप वाचू शकतो.

बाजारातून आणलेली नवी कोंबडीही तीन आठवडे वेगळी ठेवावी. पाहुण्या कोंबडीबरोबर रोग येतो.

लसीशिवाय सगळे फुकट

मी शेतीखात्याचा माणूस. कोंबड्यांच्या औषधपाण्याचा शेवटचा शब्द पशुवैद्यांचा. पण एवढे नक्की सांगतो, की राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, हिच्यावर औषध नाही. हिरवी-पांढरी हगवण, धाप, वाकडी मान ही लक्षणे दिसली की वेळ गेलेली असते. लस हाच उपाय.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचे टोचण, असा साधारण क्रम आहे. लसीच्या एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांची मात्रा असते आणि कुपी फोडल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी कुपी फोडणे परवडत नाही म्हणून माणसे लस टाळतात. यावर उपाय आहे. बचत गटाने किंवा आळीने मिळून एकाच वेळी पिल्ले आणावीत आणि एकाच सकाळी लस टोचून घ्यावी. लस बर्फातूनच आणावी.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या उघड्या हातांनी उचलू नका, नाल्यात टाकू नका, कापून खाऊ नका आणि बाजारातही नेऊ नका. आधी दवाखान्यात कळवा. कोंबड्या हाताळल्यावर, विशेषतः पोरांनी, साबणाने हात धुवावेत.

भगिनींनो, दहा-बारा कोंबड्या म्हणजे घरात येणारा रोजचा थोडा पैसा, आणि तो बहुतेक ठिकाणी बाईच्या हातात राहतो. त्या पैशासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून पिल्ले आणण्याआधी खुराडे तयार ठेवा, लसीचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि दाण्याची मूठ हिशेबाने टाका.