गियर अडकतोय? आधी इंजिन बंद करा

मागच्या आठवड्यात चोपड्याला घरी गेलो, तर अप्पांच्या जुन्या पिकअपचा रिव्हर्स टाकताना कर्रर्र! गॅरेजवाला म्हणे, गिअरबॉक्स खोलावा लागेल. इकडे केळीची कटाई तोंडावर.

म्हटलं, थांबा अप्पा, आधी डीबग करू. इंजिन बंद ठेवून गियर टाकले, सगळे अलगद पडले. चालू केलं की परत कर्रर्र. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल दोन-तीनदा पंप केलं, तर गियर पडला! मग शंका हायड्रॉलिकवर. खाली वाकून पाहिलं, स्लेव्ह सिलिंडर ऑइलने ओला. तो बदलला, लाइनमधली हवा काढली, झालं. (एकच गियर खरखरला असता तर सिंक्रो रिंगवर संशय, मग गॅरेजवालाच बरोबर.) तुमचा क्लच केबलचा असेल तर आधी केबलचा ताण बघा.

अप्पा दुसऱ्याच दिवशी माल भरून यावल रोडला लागले.