शाळेच्या बागेतील कॉसमॉस

(शिक्षक-संमेलनातील भाषण)



श्रावण-भाद्रपदात शाळाभेटीस निघाले की बहुतेक आवारांत पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे ताटवे दृष्टीस पडतात. मूठभर बी, चार सरी पाऊस आणि सुमारे दोन महिन्यांत फुले. खत नको, फारशी निगाही नको. ज्या शाळेस बागेकरिता पैसा मिळत नाही, तिला याहून स्वस्त शोभा कोठून मिळावी? शिवाय त्यावर मधमाश्या येतात. तरीही हे झाड लावावे की उपटावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींनी केला आहे, आणि तो योग्य आहे.

प्रथम गुण पाहू. ज्यास आपण एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक फुलांचा गुच्छ होय. कडेची रुंद, पाकळ्यांसारखी फुले ही केवळ निमंत्रणपत्रिका. मेजवानी असते ती मधल्या बारीक नळीदार फुलांत. ही फुले कडेकडून मध्याकडे क्रमाने उमलतात, म्हणून एकाच गुच्छावर माशीस काही दिवस मध व पराग मिळतो. बागेत आलेली माशी शेजारच्या काकडी-भोपळ्यासही उपयोगी पडते. त्या वेलींवर नरफुले व मादीफुले निरनिराळी असल्याने माशीवाचून फळ धरणे कठीण.

आता दुसरी बाजू. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. त्याचे पिकलेले बी तळहातावर घेऊन मुलांस दाखवावे. ते सुईसारखे लांबट असून त्याच्या टोकाशी उलट्या काट्यांची दोन-तीन कुसळे असतात. ती कपड्यांस व शेळीच्या केसांस चिकटतात आणि बी कुंपणापलीकडे जाते. मग रस्त्याची कड, मग टेकडीचा उतार. जेथे त्याची दाटी होते, तेथे सोनकी, तेरडा, कवळा आणि गुरांच्या चाऱ्याचे गवत यांची जागा जाते. येथे मधमाशीचा हिशेबही उलटतो. रानात एकामागून एक फुलणाऱ्या वनस्पतींवर तिचे पोट चालते. एकच झाड एका हंगामात फुलून वाळले, तर पुढे तिने काय खावे? गाजरगवताची नोंद पुण्याहून १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि आज ते कोणत्या गावात नाही?

अनेक विद्यार्थी (आणि शिक्षकही, राग नसावा) टेकडीवरील कॉसमॉसला सोनकी समजतात. सोनकीचे पान अखंड व दातेरी कडेचे; कॉसमॉसचे पान खोलवर चिरलेले. एवढी खूण पुरे.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या शाळा पठार, देवराई किंवा वनाच्या लगत आहेत, त्यांनी कॉसमॉस मुळीच लावू नये. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे २०१२ साली जागतिक वारसा ठरली, त्यांत कासचे पठार आहे. अशा ठिकाणाच्या वाटेवरील शाळेवर तर दुहेरी जबाबदारी आहे. गावाच्या मध्यवस्तीत, कुंपणाच्या आत एखादा वाफा असण्यास माझी हरकत नाही. मात्र कडेच्या पाकळ्या गळताच, बी काळे पडण्यापूर्वी, प्रत्येक गुच्छ खुडला पाहिजे. हे काम आठवड्यातून दोनदा करावे लागते. दिवाळीच्या सुटीत ते कोण करणार, हे ठरल्याशिवाय बी पेरू नये. बीजगोळ्यांत तर हे बी कदापि घालू नये. रानात उधळलेले बी परत वेचता येत नाही.

केवळ मधमाशीकरिताच बाग करावयाची असेल, तर कारळे पेरावेत. तेही मूळचे आफ्रिकेतील. पण शेतात पेरावे तेव्हा येणारे, डोंगर न व्यापणारे. त्यांच्या पिवळ्या फुलोऱ्यावर माश्यांची गर्दी होते, आणि माशी आली तर दाणाही चांगला भरतो. बांधावर तीळ, कोपऱ्यात तुळस, आडाजवळ शेवगा, आणि थोडी कोथिंबीर फुलावर येईपर्यंत राखून ठेवावी.

ज्यांच्याकडे कॉसमॉस व कारळे दोन्ही असतील, त्यांनी चौथीच्या मुलांस रोज सकाळी दहा मिनिटे दोन्ही वाफ्यांपाशी बसवून आलेल्या माश्या मोजावयास लावाव्यात. सातेरी निराळी, फुलोरी निराळी. आकडे तारीखवार एका वहीत लिहावेत आणि ती वही पुढील संमेलनास आणावी.