राणीच्या मानकरणी



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांनी आमच्या तुकडीला इतिहास शिकविला. राजे, तह आणि लढाया तर त्या शिकवीतच. पण धडा संपला की एक प्रश्न हमखास विचारीत : ‘त्या वेळी त्या दालनात आणखी कोण होते?’ इंग्लंडच्या राणीच्या दालनात ज्या स्त्रिया शतकानुशतके उभ्या होत्या, त्यांच्याविषयी आज मी बोलणार आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु आपल्या या ग्वाल्हेरशी त्याचे धागे किती जुळलेले आहेत, ते ओघाने दिसेलच.

प्रथम अडचण शब्दाची. ‘लेडी-इन-वेटिंग’ याला मराठीत काय म्हणावे? दासी म्हणता येत नाही, कारण या बहुधा सरदारांच्या बायका वा मुली. सखी म्हणावे तर सखीला रुसण्याची मुभा असते. ती यांना नव्हती. आपल्याकडील दरबारी शब्दांत ‘मानकरीण’ हा त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, म्हणून तोच वापरते. मात्र मूळ इंग्रजी शब्दातील ‘वेटिंग’, म्हणजे तिष्ठत राहणे, हे त्यात येत नाही, आणि या नोकरीचे मर्म तर तेच आहे.

या मानकरणींतही पायऱ्या होत्या. सर्वांत वर ‘मिस्ट्रेस ऑफ द रोब्ज’. हे पद परंपरेने एखाद्या डचेसकडे जाई. तिच्याखाली ‘लेडीज ऑफ द बेडचेंबर’, मग ‘विमेन ऑफ द बेडचेंबर’, आणि अविवाहित तरुण मुलींसाठी ‘मेड ऑफ ऑनर’ हे पद. व्हिक्टोरिया राणीच्या काळी अशा मुलीला वर्षाला ३०० पौंड मिळत. पाळी लावलेली असे. पाळीच्या दिवसांत राणी फिरायला निघाली की निघायचे, ती बसेपर्यंत उभे राहायचे, तिने विषय काढल्यावाचून बोलायचे नाही.

ट्यूडर घराण्याच्या काळात ही जागा म्हणजे शिडी होती आणि फासही. अ‍ॅन बोलीन ही कॅथरिन राणीची मानकरीण होती, जेन सीमोर अ‍ॅनची. दोघीही पुढे आठव्या हेन्रीच्या राण्या झाल्या. पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड हिच्याबरोबर १५४२ साली तिची मानकरीण लेडी रोशफर्ड हिचाही शिरच्छेद झाला. मला मात्र आठवण राहते ती मेरी सिडनीची. १५६२ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीला देवी आल्या, तेव्हा मेरीने तिची शुश्रूषा केली. राणी बरी झाली. मेरीला तोच रोग जडला आणि तिच्या चेहऱ्यावरील व्रण जन्मभर गेले नाहीत. कवी फिलिप सिडनीची ही आई. सेवेत देह झिजविणे असे आपण सहज म्हणतो; येथे ते शब्दशः घडले.

आता फॅनी बर्नीकडे वळते. ही कादंबरीकर्ती. ‘एव्हलिना’ आणि ‘सेसिलिया’ या कादंबऱ्यांनी तिचे नाव इंग्लंडभर झालेले. १७८६ साली राणी शार्लटच्या वस्त्रागारात दुय्यम अधिकारी म्हणून तिची नेमणूक झाली. वेतन वर्षाला २०० पौंड. वडिलांना धन्य वाटले. तिच्या पोटात गोळा आला. पहाटे सहाला उठायचे, घंटा वाजली की धावायचे, राणीचा पोशाख चढवायचा-उतरवायचा, तिची तपकीर सिद्ध करायची, आणि मध्यरात्रीच्या सुमारास सुट्टी. वरिष्ठ बाई श्वेलेनबर्ग या महाकर्कश. नेमणुकीच्या आदल्याच वर्षी बर्नीने बहिणीला एक विनोदी पत्र लिहिले होते. राजाराणीसमोर खोकला आला तर गुदमरावे पण खोकू नये, डोक्यात टाचणी रुतली तर ती काढू नये, अशा आशयाची दरबारी वर्तनाची जणू नियमावलीच त्यात आहे. थट्टेत लिहिलेले ते पुढे तिच्याच वाट्याला आले. पाच वर्षांत प्रकृती पार ढासळली आणि १७९१ मध्ये वर्षाला १०० पौंड निवृत्तिवेतन घेऊन ती बाहेर पडली. एका नामवंत लेखिकेची पाच वर्षे राणीच्या फिती बांधण्यात जावीत आणि त्याला सर्वांनी सन्मान म्हणावे, हे मला आजही खटकते. पण त्या वर्षांची रोजनिशी तिने लिहिली, आणि राजवाडा आतून कसा होता हे आपल्याला कळते ते तिच्यामुळे.

त्याच रोजनिशीत आपला पहिला धागा सापडतो. १७८८ च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर सभागृहात वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील खटला सुरू झाला. राणीने दिलेल्या तिकिटावर बर्नी तो पाहावयास गेली होती. याच हेस्टिंग्जच्या अमदानीत १७८० साली पॉपहॅमने आपला किल्ला घेतला होता आणि १७८२ साली येथून जवळच्या सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला होता. बर्नीची सहानुभूती आरोपीकडे होती. राणीच्या माणसाला दुसरी असणे परवडणारे नव्हते, असे कुणी म्हणेल. मला वाटते, तिला मनापासूनच तसे वाटत होते.

दुसरा धागा अधिक दारुण आहे. लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज ही व्हिक्टोरियाच्या आईची, डचेस ऑफ केंटची, मानकरीण. तिचे वडील लॉर्ड हेस्टिंग्ज हे १८१३ ते १८२३ हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. वॉरन हेस्टिंग्ज तो वेगळा, हे हेस्टिंग्ज वेगळे. १८१७ च्या नोव्हेंबरात दौलतराव शिंद्यांवर ग्वाल्हेरचा तह लादणारे आणि पुढे पेशवाई बुडविणारे ते हेच. अशा बलाढ्य माणसाची मुलगी. पण राजवाड्यात तिचा मान तिला वाचवू शकला नाही. १८३९ च्या आरंभी तिचे पोट वाढलेले दिसू लागले. राणीच्या मानकरणींत कुजबुज सुरू झाली की ही अविवाहित बाई गरोदर आहे. एकोणीस वर्षांच्या राणीचाही त्यावर विश्वास बसला. आईच्या गोटातील माणसांविषयी तिच्या मनात अढी होतीच. शेवटी फ्लोराला वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागले आणि ती निर्दोष ठरली. तिने गप्प न बसता आपल्या एका आप्ताला सर्व हकीकत पत्राने कळविली; पत्र वर्तमानपत्रात छापले गेले. त्या वर्षी अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीत लोकांनी राणीची हुर्यो केली. ५ जुलै १८३९ रोजी फ्लोरा वारली. शवचिकित्सेत यकृत वाढलेले आढळले. वय अवघे तेहतीस.

याच वर्षाच्या मे महिन्यात मानकरणींवरून एक मंत्रिमंडळ अडले, हे मी मुद्दाम जोडून सांगते. मेलबर्न यांनी राजीनामा दिल्यावर रॉबर्ट पील यांना पाचारण झाले. राणीच्या भोवतीच्या बायका प्रतिपक्षाच्या घराण्यांतील. त्यांतील काही तरी बदलाव्यात, एवढे त्यांचे म्हणणे. राणीने एकीलाही सोडण्यास नकार दिला. पील यांनी मंत्रिमंडळ बनविले नाही आणि मेलबर्न १८४१ पर्यंत परत आले. पाठ्यपुस्तकांत हा राणी आणि पंतप्रधान यांचा झगडा म्हणून येतो. त्या मानकरणींना काय वाटते, हे कुणी विचारल्याचे दिसत नाही. मतदानाचा हक्क नसलेल्या या स्त्रिया सत्तेच्या इतक्या निकट होत्या की त्यांची बदली हा राजकीय प्रश्न ठरला, आणि तरी त्यांना स्वतःचे मत नव्हते.

आता शार्लट कॅनिंग. १८४२ ते १८५५ ती व्हिक्टोरियाची मानकरीण होती. पती गव्हर्नर जनरल म्हणून नेमले गेले आणि १८५६ मध्ये ती कलकत्त्यास आली. सत्तावन्न सालचा वणवा पेटला तेव्हा राणीला तिची खासगी पत्रे जात. इंग्लंडात तेव्हा अत्याचारांच्या अंगावर काटा आणणाऱ्या कथा छापून येत होत्या आणि सूडाची हाकाटी चालली होती. पतीने सरसकट सूड नको म्हटल्यावर ‘दयाळू कॅनिंग’ अशी त्यांची कुचेष्टा झाली. राणीने आपल्या या जुन्या मानकरणीला विचारले : या कथांना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचा भरवशाचा पुरावा आहे काय? लेडी कॅनिंगने चौकशी करून कळविले की स्त्रियांच्या अंगविच्छेदाच्या गोष्टींना आधार सापडत नाही. ज्या शहरात १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई पडल्या, तेथे उभी राहून एका इंग्रज बाईची तरफदारी करण्याची मला हौस नाही. तिची निष्ठा तिच्या साम्राज्याशीच होती. पण सारा इंग्रज समाज रक्त मागत असता, जे ऐकायला कुणाला नको होते ते तिने थेट राणीला लिहिले. तेरा वर्षे शेजारी मुकाट उभे राहून कमावलेला विश्वास तिने तेथे खर्ची घातला. १८६१ च्या नोव्हेंबरात हिवतापाने ती कलकत्त्यास वारली. बराकपूरला तिचे दफन झाले. बंगालातील लेडिकेनी नावाची मिठाई तिच्याच नावावरून आली, असे सांगतात.

शेवटची कथा लिटन मायलेकींची. १८७७ च्या पहिल्या जानेवारीस, दख्खन दुष्काळाने होरपळत असता, दिल्लीचा दरबार भरविणारे आणि पुढच्या वर्षी देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारे व्हाइसरॉय लिटन आपल्याला ठाऊक आहेत. १८९१ मध्ये ते वारले. मागे पैशाची ओढाताण होती. १८९५ मध्ये त्यांच्या पत्नी ईडिथ व्हिक्टोरियाच्या मानकरीण झाल्या. कालची व्हाइसरीन आज राणीची शाल सांभाळू लागली. त्यांची एक मुलगी एमिली ही नव्या दिल्लीचे वास्तुकार लट्यन्स यांची पत्नी. दुसरी, कॉन्स्टन्स, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत पडली. १९०९ मध्ये तुरुंगात गेली तेव्हा हृदय दुबळे आणि घराणे मोठे म्हणून तिला सौम्य वागणूक मिळाली. हा भेद तिला सोसवेना. १९१० च्या जानेवारीत केस कापून, चष्मा लावून, जेन वॉर्टन नावाची गरीब शिवणकाम करणारी बाई बनून तिने लिव्हरपूलला स्वतःला अटक करवून घेतली. तेथे हृदय नीट न तपासताच तिला आठ वेळा नळीने बळजबरीने अन्न घालण्यात आले. खरे नाव उघड होताच सुटका झाली. १९१२ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला. तुरुंगाचा वृत्तांत तिने डाव्या हाताने लिहिला आणि १९१४ साली तो प्रसिद्ध झाला. आई दाराशी तिष्ठत उभी राहिली. मुलगी दारावर धडकली.

विसाव्या शतकाविषयी थोडक्यात सांगते. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या मानकरणी पगार घेत नसत, खर्च तेवढा मिळे. लोकांनी दिलेले पुष्पगुच्छ हाती घेणे, पाहुण्यांना मोकळे वाटेल असे बोलणे आणि पत्रांना, विशेषतः लहान मुलांच्या पत्रांना, उत्तरे लिहिणे ही त्यांची कामे. लेडी सूझन हसी १९६० पासून तेथे होत्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीला जाताना राणीच्या मोटारीत त्याच सोबतीला होत्या. पुढच्याच वर्षी, राणीच्या निधनानंतर, राजवाड्यातील एका समारंभात त्यांनी ब्रिटनमध्येच जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय पाहुणीला, तुम्ही मूळच्या कुठल्या, असे पुनःपुन्हा विचारले. त्यावरून त्यांना पद सोडावे लागले आणि त्यांनी त्या पाहुणीची भेट घेऊन क्षमा मागितली. परक्याला आपलेसे वाटावे हेच ज्यांचे साठ वर्षांचे काम, त्यांच्या हातून हे घडले. त्याच नोव्हेंबरात राणी कॅमिला यांनी मानकरणी न नेमता सहा ‘सोबतिणी’ नेमल्या. त्यांना पत्रांचे काम नाही; मुलांना उत्तरे आता राजवाड्याचे कार्यालय पाठविते.