पीण्यातील पत्ता

कोल्हापूर-बेळगावकडून दक्षिणेस निघालेल्या मालमोटारीला बंगळूर शहर प्रथम भेटते ते पीण्याच्या रूपाने. तुमकूर रस्त्यालगतची ही औद्योगिक वसाहत १९७० च्या दशकात वसली. लेथ, साचे, विद्युत मोटारी, तयार कपडे यांचे लहानमोठे कारखाने येथे खेटून उभे आहेत. येथील पत्ता ऐकावयास सोपा, पण गाठावयास कठीण. मेन म्हणजे मोठा रस्ता आणि क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा, इतके नवख्यालाही लवकर उमगते. परंतु तिसरा मेन एकाच फेजमध्ये असतो असे नाही. फेज चुकली की पुढचे सारे आकडे बरोबर असूनही मनुष्य भलत्याच फाटकाशी येऊन उभा राहतो. मग चहाच्या टपरीवर विचारपूस होते. ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे, हे कोल्हापूरच्या चालकास बहुधा पहिले वळण चुकल्यावरच कळते!

अशा चालकाच्या हाती वाट दाखवणारे एखादे साधे अॅप दिले तर काय होईल? ‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे त्यांपैकी एक. ते २०२१ साली लोकांपुढे आले. त्यातील नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा, म्हणजे २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत आणलेल्या नकाशाचा आहे. त्या प्रदेशाचा नकाशा घरीच उतरवून घ्यावयाचा. पुढे वाटेत इंटरनेट नसले तरी अडत नाही. पुष्कळांना याचे नवल वाटते. वस्तुतः मोबाइल आपले स्थान ओळखतो ते उपग्रहांच्या संदेशांवरून. प्रत्येक उपग्रह आपली वेळ सांगत असतो. संदेश पोचावयास किती वेळ लागला यावरून अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे जुळली की जागा ठरते. हिशेब मात्र फार नाजूक आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटर हुकते.

योगायोग असा की, उपग्रहांशी बोलणारी इस्रोची ‘इस्ट्रॅक’ ही संस्था पीण्यातच, दुसऱ्या फेजच्या तिसऱ्या मेनवर आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवणारा नियंत्रणकक्ष येथलाच. चंद्रावरची जागा जेथून नेमकी साधली, त्याच वसाहतीत ओतीव भागांनी भरलेला टेम्पो गिऱ्हाइकाच्या शेडभोवती घिरट्या घालतो.

याची कारणे आहेत. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची चूक सुमारे ५ मीटर असते. परंतु पत्र्याच्या उंच शेडींमधून संदेश आपटून, वळसा घेऊन येतो आणि खूण शेजारच्या गल्लीत सरकते. तुमकूर रस्त्यावर निराळीच अडचण. तेथे वर उड्डाणपूल आणि खाली सर्व्हिस रोड. उपग्रहांवरून काढलेल्या उंचीत आडव्या अंतरापेक्षा अधिक चूक असते. म्हणून गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे अॅपला पुष्कळदा नीट कळतच नाही. ‘डावीकडे वळा’ हा आवाज पुलावर असताना आला तर वळावे तरी कोठे? शहाणा चालक पुलाच्या तोंडाशीच विचार करतो, आणि पीण्यात उतरावयाचे असेल तर खालचाच रस्ता धरतो.

हाच पूल आणखी एक धडा देऊन गेला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या तारांत दोष आढळून तो बंद झाला. पुढच्या फेब्रुवारीत हलकी वाहने सोडण्यात आली. जड वाहनांना जुलै २०२४ पर्यंत थांबावे लागले. घरी उतरवलेला नकाशा महिनोन् महिने तसाच ठेवला तर असली बातमी त्याला कळणार कोठून? शिवाय हे अॅप मोटार, सायकल आणि पादचारी यांची वाट सांगते. मालमोटारीचे वजन त्याच्या हिशेबात नाही, वाटेतील वाहनांची गर्दीही नाही. ज्याला रोज मेट्रोच्या पीण्या स्थानकावरून कारखान्यापर्यंत चालत जावयाचे आहे, त्याला मात्र यापेक्षा अधिक काही लागत नाही. त्याचे त्यात उत्तम भागते.

उरतात ती फाटके. लहान कारखान्याचे नाव नकाशावर नसेल तर अॅप क्रॉसच्या तोंडापर्यंत आणून सोडते, आणि पुढे पुन्हा टपरी आहेच. तथापि या नकाशात भर घालण्याची मुभा सर्वांना आहे. एकदा खाते उघडले की राहिलेल्या कारखान्याचे नाव त्याच्या जागी लिहिता येते, आणि नकाशाच्या पुढील आवृत्तीत ते इतरांनाही दिसू लागते. त्याला वेळ फारसा लागत नाही. माल उतरल्यावर चलनावर शिक्का पडून ते बाहेर येईपर्यंत चालक फाटकापाशी बसूनच असतो. तेवढ्यात हे काम आटोपते.