खारदुंग लाच्या अलीकडून



आमच्या मिहानजवळचा वर्धा रोड म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग 44. तोच उत्तरेला श्रीनगर गाठतो. या रस्त्याने, पुढे कारगिलवरून लेहला आम्ही दोघी वर्गमैत्रिणी एकाच बुलेटवर गेलो. लेह 3,500 मीटरवर; म्हणून आधी दोन दिवस नुसता आराम. मग खारदुंग ला, 5,359 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. इंजिनलाही धाप लागते.

साउथ पुल्लूला मैत्रिणीचं डोकं ठणकू लागलं, चालताना तोल जाऊ लागला. "मी थांबते, तू जाऊन ये," ती म्हणाली. पण अशा वेळी खाली उतरणं हाच पहिला उपचार. तिला लेहकडे उतरणाऱ्या टॅक्सीत बसवलं आणि मागोमाग मीही गाडी वळवली.

खिंड राहिली. मैत्रीण मात्र इथे पहिल्या रांगेत बसली आहे. पुन्हा निघणार आहोत. आशीर्वाद असू द्या.